सासूबाईंचे गुडघे, चौदा ठिकाणं आणि अंदमान

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. घरात सहा माणसं: त्या स्वतः, यजमान, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, गुडघेदुखीने बेजार झालेल्या ६८ वर्षांच्या सासूबाई आणि रक्तदाबाची गोळी घेणारे ७३ वर्षांचे सासरे. सगळ्यांनी मिळून अंदमानला जायचं ठरतंय. ट्रॅव्हल एजंटने १९ ते २४ मे अशी पाच रात्रींची सहल काढून दिली आहे. त्यात चौदा ठिकाणं आहेत, बाराटांगच्या गुहाही आहेत. मुलांच्या परीक्षा २५ एप्रिलला संपतात, पण मेच्या शेवटी दर कमी मिळतोय. यजमान म्हणतात, एवढे पैसे घालतोय तर सगळं बघून घेऊ, पुन्हा कोण जातंय! सासूबाई म्हणतात, तुम्ही फिरा, मी खोलीवर बसते. मुलाला स्कूबा (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी) करायचंय, मुलगी पाण्याला घाबरते. पोहता फक्त मुलाला येतं. त्या विचारतात, ‘सगळ्यांना आनंद होईल अशी सहल आखायची कशी? आणि पाण्यात उतरताच येत नसेल, तर समुद्र बघायला इतक्या लांब जायचं कशाला?’

ताई,

आधी तारखांचं बोलू, कारण बाकी सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. मेच्या शेवटी दर कमी मिळतोय त्याला कारण आहे. आपल्याकडे मृग लागला की पाऊस, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात पोचायच्या आधी अंदमानात पोचतात, साधारण २० मेच्या आगेमागे. २०२५ साली तर १३ मेलाच ते दक्षिण अंदमान समुद्रावर आले होते. म्हणजे तुमची सहल नेमकी पाऊस सुरू व्हायच्या आठवड्यात बसवली आहे. भिजण्याचं काही नाही, नाशिककर पावसाला घाबरत नाहीत. अडचण बोटींची आहे. समुद्र खवळला की बेटांमधल्या फेऱ्या रद्द होतात, पाणी ढवळून गढूळ होतं आणि स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायला, गेलेल्या माणसाला हिरवट धुक्याशिवाय काही दिसत नाही.

शक्य असेल तर २७ एप्रिल ते ३ मे असं करा. उकाडा असेल, घाम येईल, पण मार्च-एप्रिलमधला शांत समुद्र बहुतेक वेळा तोवर टिकून असतो. यजमानांची रजा हलत नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की या मेमध्ये अंदमान नको, पुढच्या फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटेल, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात. नाताळात हवा सहसा चांगली असते, तरी २०१६च्या डिसेंबरात वादळी हवेमुळे शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील या बेटांवर अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाला जावं लागलं होतं. शिवाय नाताळात खोल्या आणि बोटी काही महिने आधीच भरतात.

आता चौदा ठिकाणांकडे येऊ. यजमानांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. सहा विमान तिकिटं ही लहान रक्कम नव्हे आणि पैसे वसूल व्हावेत असं वाटणं अगदी रास्त आहे. पण वसुली मोजायची कशाने? त्या कार्यक्रमातला बाराटांगचा दिवस घ्या. पहाटे तीनच्या सुमारास उठून निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी रांगेत थांबायचं, मग जंगलातून प्रवास, गाड्या पलीकडे नेणारी बोट, लहान बोट, पुढे दीडेक किलोमीटर चाल, तेव्हा चुनखडीची गुहा, आणि याच वाटेने उलटा प्रवास. घरी यायला दुपार उलटून जाते. सासूबाईंना हे झेपणार नाही. सासऱ्यांनाही त्रासाचं होईल. आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवायला, फोटो काढायला, खायला काही द्यायला कायद्याने बंदी आहे. तरी गाडीतली माणसं काचेला नाक लावून ‘दिसले का, दिसले का’ करत असतात. माणसं बघायला जाणं हे सहलीचं ठिकाण होऊ नये. मुलांना हे समजावून सांगून बाराटांग गाळलंत, तर त्या दिवसाची भरपाई नीलवर अख्ख्या एका दिवसाने होईल.

आखणी मी अशी सुचवेन. सहा रात्री ठेवा, पाच नकोत. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, दोन रात्री हॅवलॉक, दोन रात्री नील, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. नावांचा घोळ आधीच निस्तरून घ्या: पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप झालं. तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या पावतीवर दुसरं, असं दिसलं की सासरे गोंधळतील, म्हणून प्रत्येकाच्या खिशात दोन्ही नावं लिहिलेला कागद असू द्या. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला का, असं एजंट विचारेल, कारण नीलहून सकाळी बोटीने येऊन दुपारचं विमान पकडता येतं असं त्याचं म्हणणं असतं. बोट वेळेवर आली तर येतंही. ती रद्द झाली तर सहा विमान तिकिटं बुडतात. त्या एका रात्रीच्या खोलीचं भाडं हा तुमचा विमा समजा. जाताना हवा बिघडली तर नील गाळा आणि हॅवलॉकवरच थांबा, हेही आधीच घरात ठरवून ठेवा, म्हणजे धक्क्यावर उभं राहून वाद होणार नाहीत.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट सगळ्यांना चकवते, ती म्हणजे सूर्य. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. एप्रिल-मेमध्ये तिथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळतो. तेव्हा नाशिकला उन्हं उतरायला अजून दीड तास असतो. म्हणजे नऊला नाश्ता, अकराला बाहेर, चारला ‘चला आता बीचवर’ हा आपला सुट्टीचा शिरस्ता तिथे चालत नाही. चारला निघालात तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोचून चपला काढेपर्यंत सूर्य कलतो. साडेपाच ते नऊ ही समुद्राची वेळ, मग नाश्ता, दुपारी झोप, साडेतीनला पुन्हा बाहेर, रात्री आठला जेवण आणि नऊला अंथरूण. घरातल्या वडीलधाऱ्यांचं घड्याळ असंच चालतं, त्यामुळे या बाबतीत त्यांचं ऐकायची संधी सगळ्यांना मिळेल.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं. ‘समुद्रकिनाऱ्यावरची खोली’ या शब्दांवर जाऊ नका. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या विजयनगर, गोविंदनगर भागातल्या हॉटेलांपुढे ओहोटीला पाणी लांब मागे सरतं आणि खडक, मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. अंगणात समुद्र, पण डुंबायला जागा नाही. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल नेमका ओहोटीलाच गाठता येतो, आणि तिथे जायला निसरड्या खडकांवरून चालावं लागतं, त्यामुळे तो सासूबाईंसाठी नाही. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, तिथे लावू नका. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आठवडाभर आधी मोबाइलवर उतरवून घ्या, कारण बेटांवर नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. एवढं मात्र कोकणासारखंच: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी.

एजंटला खोलीबद्दल एवढंच विचारा: तळमजल्यावर आहे का, वीज गेली तर एसी जनरेटरवर चालतो का, बाथरूममध्ये कमोड आणि धरायला काही आहे का, आणि ओहोटीला समोर पोहता येतं का. चौथ्या प्रश्नाला ‘हो हो, सगळं होतं’ असं उत्तर आलं तर किनाऱ्याचं नाव विचारून घ्या.

तुमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. समुद्राचा आनंद पोहणाऱ्यांनाच मिळतो, असं तुम्ही धरून चालला आहात. पाण्यात उतरणं आणि पोहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघाभर पाण्यात लाइफ जॅकेट घालून, तोंड पाण्यात बुडवून तरंगणाऱ्या माणसाला मासे तितकेच दिसतात. अडचण येते ती श्वासाची. नाक बंद करून तोंडाने श्वास घ्यायची आपल्याला सवय नसते. पाणी तोंडावर आलं की माणूस दचकतो, नाकाने श्वास ओढतो आणि पाणी नाकात जातं. ही सवय नाशिकमध्येच करता येते. मुलीसाठी आणि स्वतःसाठी मास्क आणि नळी विकत घ्या. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बसतोय. आठवडाभर रोज दहा मिनिटं बादलीत तोंड बुडवून नळीने श्वास घ्या, मग महिनाभर तरणतलावाच्या उथळ टोकाला, प्रशिक्षकाच्या देखत, फक्त तरंगायला शिका. मुलीला ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. तिला आधी बादली जिंकू द्या. यजमानांना भरघोस मिशी असेल तर त्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपणार, हे त्यांना आधी सांगा. ओठाच्या वरची कड थोडी कापली तरी फरक पडतो.

पाण्यात पाठ आणि पोटऱ्या सर्वांत जास्त भाजतात, कारण माणूस पालथा तरंगत असतो आणि पाण्याच्या गारव्यात ऊन जाणवत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि घोट्यापर्यंतची चड्डी घ्या. सनस्क्रीनवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च चांगला, आणि प्रवाळालाही बरा.

राधानगरचा किनारा रुंद, मऊ वाळूचा आहे. तो पश्चिमेकडे तोंड करून असल्याने नैर्ऋत्येचा वारा सुटला की लाटा तिथेच आपटतात. जीवरक्षक जिथे सांगेल तिथेच उतरा. मुलांनी कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि लाटेकडे पाठ करून उभं राहायचं नाही. परतीचा प्रवाह कोणाला आत ओढायला लागला तर किनाऱ्याकडे झुंजत राहू नये, प्रवाह सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर जावं. हे मुलाला नीट समजावा, कारण पोहता येतं म्हणून तोच खोल जाईल. ओढ्याच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१०मध्ये हॅवलॉकलाच एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. इशाऱ्याची पाटी दिसली तर ती खरी माना.

मुलाच्या स्कूबासाठी पोहता येणं सक्तीचं नसतं. पहिल्यांदा बुडी मारणाऱ्याबरोबर प्रशिक्षक असतो, खोली १२ मीटरच्या आत असते. वयाची अट सर्वसाधारणपणे दहा वर्षांची, म्हणजे मुलगी बसत नाही. तिला हे तिथे जाऊन कळू देऊ नका, आताच सांगा. बुडीच्या आधी तब्येतीचा अर्ज भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही ‘हो’ लिहावं लागणार असेल तर डॉक्टरांचं पत्र नाशिकहूनच न्या. सर्दी असेल तर बुडी नाही. औषध घेऊन नाक मोकळं करून जाणं तर अजिबातच नाही, कारण खाली असताना औषधाचा असर संपला तर वर येताना कान-सायनस दुखावतात. कानाचा दाब पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटून, हलकेच फुंकून काढत राहायचा, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. बुडीनंतर निदान १८ तास विमान नको. म्हणून स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी घ्या. वरच्या आखणीत मग विमानाला तीन दिवस उरतात.

आता सासूबाई. ‘मी खोलीवर बसते’ हे वाक्य आपल्या घरांमधून इतक्या वेळा ऐकू येतं की आपण ते खरं मानतो. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको’ एवढाच असतो. त्यांना विचारा, पण ‘येणार का’ असं विचारू नका. ‘सकाळी तासभर ओल्या वाळूवरून चालायला आवडेल की संध्याकाळी पाण्याच्या कडेला बसायला?’ असं विचारा. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो, पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. काठीचं टोक रुंद रबराचं हवं. हॉटेलमधून प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या आणि घोटाभर पाण्यात ठेवा, पण एक माणूस कायम शेजारी हवा, कारण लाट परतताना खुर्चीच्या पायांखालची वाळू ओढून नेते. राधानगरला गाडी प्रवेशद्वारापर्यंत जाते, आत बसायला जागा आहेत.

हॅवलॉकवरच्या एलिफंट बीचला मात्र त्यांना नेऊ नका. स्पीड बोट लाटांवर आपटत जाते, पाठीला हिसके बसतात आणि चढ-उतार पाण्यात पाय टाकून करावा लागतो. त्या सकाळी तुम्ही दोघं मुलांना घेऊन जा आणि सासूसासऱ्यांसाठी कालापथरच्या किनाऱ्यावर जायला रिक्षा ठरवून द्या. सगळी सहा माणसं प्रत्येक ठिकाणी एकत्र हवीत असं काही नाही. नीलची गोष्ट वेगळी. बेट लहान, सपाट, रिक्षाने कुठेही पाऊण तासाच्या आत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी वसवलेल्या या बेटावरच्या जागांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी आहेत. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, त्या नीलची वाट बघतील. जेवण मासे-भाताचं असतं, तरी शाकाहारी थाळी मिळते.

सेल्युलर जेलबद्दल दोन शब्द. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, इमारतीच्या शेवटच्या टोकाला आहे, आणि वर जायला जिने आहेत. मराठी घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथे पोचायचंच असतं. त्यासाठी गुडघे राखून ठेवा: त्या दिवशी दुसरं काही नको, चढताना प्रत्येक वळणावर थांबा, उतरताना कठडा धरून, एकेक पायरी. कारागृह कोणत्या दिवशी बंद असतं, हे एजंटच्या तारखा ठरवताना बघा. मनोऱ्यापासून फुटणाऱ्या इमारतीच्या सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या आहेत. मुलांना मध्यवर्ती मनोऱ्यापाशी उभं करून बाकीच्या चार कुठे असतील ते ओळखायला सांगा.

बोटीचा प्रवास पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तासांचा. खाजगी बोटीचं एकेका टप्प्याचं तिकीट माणशी साधारण हजार ते दोन हजार पडतं. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं, मुलांचंही, हातातल्या पिशवीत ठेवा. उपाशीपोटी बसू नका, भरपेटही नको. दोन इडल्या किंवा खाकरा पुरे. जागा मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा, तिथे डोलणं कमी. मोबाइल बंद, नजर क्षितिजावर. मळमळीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नव्हे. मात्र सासऱ्यांना ती देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांनी गुंगी येते, लघवी अडू शकते आणि काचबिंदू असेल तर त्रास वाढतो. रोजची औषधं चार दिवस जादा न्या, कारण अडकलात तर बेटावरच्या दुकानात नेमका तोच ब्रँड मिळेल याची खात्री नाही. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. आणि चार मोठ्या बॅगांऐवजी सहा लहान घ्या, चाकांची बॅग धक्क्यावरून बोटीत चढवताना चाकं कामाला येत नाहीत.

वाळूत सापडलेला शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडा मुलीने खिशात घातला तर तो तिथेच ठेवायला लावा. मेलेलं प्रवाळही नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि विमानतळावरच्या तपासणीत ते सापडतं.

तुमच्या पत्रात प्रत्येकाला काय हवं ते आहे, फक्त तुम्हाला काय हवं ते कुठेच नाही. नीलवरची पाचव्या दिवसाची सकाळ तुमच्या नावाने राखून ठेवा. भरतपूरला, भरतीच्या वेळी, लाइफ जॅकेट, मास्क आणि एक मार्गदर्शक. मुलं यजमानांकडे, चहा-नाश्ता हॉटेलकडे. एजंटला नवा कार्यक्रम पाठवाल तेव्हा त्यात हीही ओळ लिहा, आणि मार्गदर्शकाचे पैसे आधीच भरून टाका, म्हणजे ऐन वेळी ‘राहू दे माझं’ म्हणता येणार नाही.